मोजायचं काय?

हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरू लागले की नाडीचा ताल सुटतो. हे एट्रियल फिब्रिलेशन. डॉक्टरांच्या तोंडी नुसतं ‘एएफ’. कुणाला जिना चढताना धाप लागते, कुणाला रात्री छातीत धडधडून जाग येते आणि कुणाला काहीच होत नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी काढलेल्या ईसीजीत ते अवचित सापडतं. गोळ्या घ्यायच्या की ॲब्लेशन करून घ्यायचं, हा प्रश्न मात्र तिघांपुढेही त्याच शब्दांत येतो.

बोर्दोच्या मिशेल आइसागेर यांनी १९९८ साली दाखवून दिलं की, या बेतालपणाची ठिणगी बहुतेक वेळा फुप्फुसांकडून रक्त आणणाऱ्या शिरांच्या तोंडाशी पडते. तेव्हापासून मांडीतल्या शिरेतून नळी सरकवून त्या तोंडांभोवती जाळून किंवा गोठवून व्रणाचं कडं करतात. हेच ॲब्लेशन. ‘एकदाचं उरकून टाकू’ म्हणणाऱ्यांना हे आवडतं. पण काहींना पुन्हा टेबलावर जावं लागतं, क्वचित हृदयाभोवती रक्तही साचतं. ताल राखणारी अमिओडरॉनची गोळीही साधी नव्हे. थायरॉइड आणि फुप्फुसांवर कायम नजर ठेवावी लागते.

मग सरस काय? याचा छडा लावायला दहा देशांतले २२०४ रुग्ण चिठ्ठी टाकून ॲब्लेशन आणि गोळ्या अशा दोन गटांत वाटून ‘कबाना’ ही चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१९ साली आले. मृत्यू, अपंग करणारा पक्षाघात, गंभीर रक्तस्राव किंवा हृदय बंद पडणं यांपैकी काही ना काही ॲब्लेशनच्या गटात ८ टक्के लोकांना झालं, गोळ्यांच्या गटात ९.२ टक्के. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. गंमत पुढेच आहे. गोळ्यांच्या गटातल्या २७.५ टक्के लोकांनी मधेच ॲब्लेशन करून घेतलं. चिठ्ठीत निघालेला गट न पाहता प्रत्यक्ष मिळालेले उपचार धरून हिशेब केला, तर ॲब्लेशन जिंकतं. पण टेबलापर्यंत पोचणारे मुळातच धडधाकट असू शकतात, म्हणून मी पहिल्याच हिशेबाच्या बाजूचा. तरी त्या गट बदलणाऱ्यांना चाचणीतला नुसता गोंधळ म्हणणं मला पटत नाही. गोळ्यांवर भागत नाही, असं आपल्या पायांनी सांगणारी ती माणसं होती. जगण्याच्या प्रतीत ॲब्लेशनचा गट पुढेच राहिला.

पण आपल्यावर उपचार झाले, या जाणिवेनंही बरं वाटतं ना? ब्रिटनमध्ये १२६ रुग्णांपैकी काहींचं खरं ॲब्लेशन झालं, काहींचं केवळ नाटक. हे निष्कर्ष २०२४ साली आले. एएफचा भार, म्हणजे ताल सुटलेला राहण्याचा काळ, दोन्ही गटांत उतरला, पण खऱ्या ॲब्लेशनच्या गटात बराच जास्त, आणि त्रासही त्याच गटात अधिक कमी झाला. म्हणजे आराम मनाचा खेळ नव्हता, निदान सगळा नव्हता.

हृदय दुबळं असेल तर पारडं आणखी झुकतं. ३६३ रुग्णांच्या ‘कासल-एएफ’ चाचणीत मृत्यू किंवा हृदय निकामी झाल्यानं दाखल होणं ॲब्लेशनच्या गटात २८.५ टक्के आढळलं, गोळ्यांच्या गटात ४४.६ टक्के.

एक घोटाळा मात्र घरोघरी दिसतो. पक्षाघात टाळण्यासाठीची, रक्त पातळ करणारी गोळी सुटावी म्हणून लोक ॲब्लेशन करायला निघतात. ती गोळी ठरते वय, रक्तदाब, मधुमेह, आधीचा पक्षाघात यांवरून. ताल ठीक झाला म्हणून ती आपोआप सुटत नाही. आपल्याकडे संधिवाताच्या तापानं झडप आकसलेले रुग्णही पुष्कळ. त्यांचं गणितच वेगळं, तिथे जुनं वॉरफरिनच अजून भरवशाचं.

आणि तरीही ओपीडीत हमखास विचारलं जातं, “डॉक्टर, तुमच्या घरचं माणूस असतं तर काय केलं असतंत?” प्रश्न विश्वासाचा आहे, पण डॉक्टरांच्या घरच्या माणसाला धाप कधी लागते, भीती नळीची वाटते की रोजच्या गोळीची, हे तुम्हाला कुठे ठाऊक असतं? त्याऐवजी ठोका कधी आणि किती वेळ सुटतो, त्यापायी काय करायचं राहून जातं, हे महिनाभर वहीत टिपून ती टेबलावर ठेवावी. मग विचारावं, यातलं कशानं किती कमी होईल, आणि तुमच्या हातून वर्षाला किती ॲब्लेशन होतात?