बांधावरची बोर

कार्तिक सरून थंडी पडू लागली, म्हणजे आपल्या वाशीम जिल्ह्यात बांधाबांधावर रानबोरी पिकू लागतात. त्या आपण लावल्या नाहीत, त्यांस पाणीही घातले नाही. तरी झाड आपल्या बांधावर आहे म्हणून बोरे वेचणाऱ्या विधवेच्या लेकरांस आपण हाकलून देतो. अनुवाद 24:20 यात देवाची इस्राएलास आज्ञा आहे की, जैतुनाचे झाड एकदा झोडपल्यावर त्याच्या डहाळ्या पुन्हा धुंडाळू नयेत. राहिलेले फळ परदेशीयाचे, अनाथाचे व विधवेचे होय. ते तर लावलेले झाड होते! ज्यांस तारण फुकट मिळाले, त्यांनी रानबोरांचा हिशेब का ठेवावा? यंदा बोर एकदाच झोडपू या. उरलेली बोरे ज्यांची, त्यांस वेचू देऊ या. आमेन.