बाळंतिणीच्या दारी पंढरीनाथ

सज्जनहो, चोखोबांच्या घरची ती कथा आपण कीर्तनात कितीदा तरी ऐकली आहे. सोयराबाईंचे दिवस भरले, चोखोबा घरी नाहीत, जवळ कोणी नाही. तेव्हा पंढरीनाथ नणंदेचे रूप घेऊन आले आणि त्यांनी बाळंतपण केले. कथा इथवर आली की गजर होतो. पण देवाने त्या घरात काम कोणते केले? सुईणीचे! ज्याला आपण विटाळ म्हणतो आणि दहा दिवस दाराबाहेरून चौकशी करतो, ते काम.

घरात नुकते जन्मलेले मूल गेले म्हणजे आपण म्हणतो, 'तेवढेच आयुष्य घेऊन आले होते.' दुःखी आईला धीर देण्यापुरते ते ठीक आहे. परंतु त्याला सिद्धांत मानू लागलो तर मोठा घात होतो. २०२२ साली जगात सुमारे २३ लाख बाळे २८ दिवसांची होण्याआधीच गेली, आणि त्यांतली बहुतेक गरीब देशांतली. प्रारब्ध काय गरिबी पाहून येते?

गडचिरोलीचे उदाहरण घ्या. तिथे डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी १९९३ पासून ३९ गावांतील जन्ममृत्यूंची मोजदाद केली. दर १,००० बाळांमागे ६२ बाळे पहिल्या २८ दिवसांत जात होती. गावोगाव इस्पितळ कोण बांधणार? त्यांनी गावातल्याच बायकांना शिकवून तयार केले. बाळाचे वजन करणे, ऊब राखणे, श्वास मोजणे, रडत नसेल तर श्वासासाठी हवा देणे, जंतुदोष झाला तर औषध व इंजेक्शन देणे, हे सारे त्या झोपडीत जाऊन करू लागल्या. १९९८ पर्यंत ६२ चा आकडा २५ च्या आसपास आला. तुलनेसाठी घेतलेल्या शेजारच्या ४७ गावांत मात्र तो उतरला नाही. गावे तीच, गरिबी तीच. मग आयुष्याची दोरी वाढली ती कशाने?

आणखी एक बोलतो, राग मानू नये. गाय व्याली की तिच्या चिकाचा खरवस आपण आवडीने खातो, आणि आईचा पहिला चीक मात्र वाईट म्हणून पिळून टाकायला लावतो! बाळाला मध चाटवतो, गुळाचे पाणी देतो. वासराला जे कळते ते आपल्याला कळू नये? रोगाशी झुंजण्याचे बळ त्या चिकातच असते. तो जन्मल्यापासून तासाभरात पाजावा. पहिल्याच दिवशी न्हाऊ घालण्याचीही घाई नको; थंडीने कमी वजनाची बाळे हातची जातात. आईच्या उघड्या छातीशी धरून वर पांघरूण घालावे, त्यासारखी ऊब नाही.

आता सरकारच्या आशाताई घरी येतात. इस्पितळातल्या जन्मानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी. जन्म घरी झाला असेल तर पहिल्या दिवशीही. ओसरीवर माळ घेऊन बसलेल्या वडीलधाऱ्यांनी त्यांना 'सोयर फिटल्यावर या' म्हणून परत पाठवू नये. आत जाऊ द्यावे, वजन किती भरले ते विचारावे. आणि बाळ अंगावर ओढीनासे झाले, गार पडले, छाती भराभर उडू लागली, तर वार-तिथी न पाहता गाडी जोडावी नि इस्पितळ गाठावे. त्या दिवशी एकादशीचे कीर्तन चुकले तरी चालेल.