औषध थांबते, सेवा थांबत नाही

'आता आमच्या हातात काही राहिले नाही,' असे सांगून डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळतात. त्यानंतरही रुग्ण दोन दिवस जगतो, कधी दोन आठवडे. हा काळ परिचारिकेच्या वाट्याला येतो. आपल्या धर्मग्रामातल्या कितीतरी लेकी-सुना लोकल पकडून नाइट ड्यूटीला जातात आणि हा काळ जवळून पाहतात. त्यांच्याकडून आम्हांला एक प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकायला मिळतो : रात्री कॅन्सरच्या रुग्णाला मॉर्फिन दिले आणि पहाटे तो गेला, तर ते पाप कोणाचे?

हा प्रश्न नवा नाही. १९५७ साली भूलतज्ज्ञांनी तो पोप बारावे पायस ह्यांच्यापुढे मांडला होता. दुसरा उपाय नसेल, तर वेदना शमविण्यासाठी असे औषध देता येते, त्यामुळे आयुष्य थोडे कमी होण्याची शक्यता असली तरीही, असे त्यांनी सांगितले. एक अट ही की मृत्यू हा हेतू नसावा. कोणी म्हणेल, हेतू कोणाला दिसतो? पण तो तपासता येतो. सकाळी रुग्ण शांत झोपून उठला, तर जिला आनंद होतो तिने वेदनेसाठी औषध दिले. तो उठला म्हणून ज्याला आपले काम फसल्यासारखे वाटते, त्याने मरणासाठी दिले. सिरिंज तीच, औषधही तेच, पण कृत्ये दोन. शिवाय योग्य मात्रेत, बेताबेताने दिलेल्या मॉर्फिनने सहसा मरण लवकर येत नाही, हे आता वैद्यकशास्त्रही सांगते. तेव्हा डॉक्टरांनी ठरवून दिलेला डोस वेळेवर देणाऱ्या भगिनींनी मनावर ओझे घेऊ नये. उलट, भीतीपोटी डोस टाळून रुग्णाला कण्हत ठेवणे आम्हांला अधिक गंभीर वाटते.

व्हेंटिलेटरच्या बाबतीतही असेच आहे. ज्या उपचाराने काही साधत नाही, नुसते मरण लांबते, तो नाकारण्याची मोकळीक ख्रिस्तसभा देते. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१८ साली, काही अटी घालून, तशी वाट मोकळी केली. मात्र 'उपचार थांबवले' ह्याचा अर्थ नातेवाईक पुष्कळदा 'सोडून दिले' असा घेतात. तो खरा नव्हे. ओठ ओले करणे, कूस बदलणे, अंग पुसणे, चादर बदलणे हे उपचारात मोडत नाही, म्हणून ते थांबवण्याचा प्रश्नच येत नाही.

ह्या कामाची किंमत मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिकांनी दाखवून दिली. त्यांची सहकारी अरुणा शानबाग १९७३ साली झालेल्या हल्ल्यानंतर २०१५ पर्यंत तेथेच अंथरुणाला खिळून होती. ती मरणासन्न नव्हती, हा फरक आहेच. पण इतकी वर्षे पडून असूनही तिला शय्याव्रण झाले नाहीत, ह्याचे कौतुक देशभर झाले. ज्यांनी घरी आजारी माणसाची कूस दर दोन तासांनी बदलली आहे, त्यांना ह्यामागचे कष्ट वेगळे सांगायला नकोत. २०११ साली तिच्या दयामरणाच्या अर्जावर निकाल लागला, तेव्हा तिच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार न्यायालयाने ह्याच रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांचा मानला. जे रोज जेवण भरवत होते, त्यांचा शब्द मोठा ठरला. वांद्र्याला माउंट मेरीजवळ १९८६ पासून चाललेल्या शांती अवेदना सदनातही बरे होण्याची आशा नसलेल्या कॅन्सर रुग्णांची अशीच शुश्रूषा होते.

एक गोष्ट मात्र खटकते. 'त्यांना काही सांगू नका, सिस्टर,' असे बजावून घरचे बाहेर जातात. मग मध्यरात्री रुग्ण तिलाच विचारतो, 'मी वाचेन का?' खोटे बोलण्याचा भार आपण परक्या मुलीवर का टाकावा? तिने वेळ सांगू नये, पण खोटा धीरही देऊ नये. हात धरून, 'तुम्हांला काय वाटते?' एवढे विचारले तरी पुष्कळदा रुग्ण स्वतःच बोलू लागतो. त्याला ते ठाऊकच असते.

फादर आले की आजारी घाबरेल म्हणून आम्हांलाही अगदी शेवटी, शुद्ध हरपल्यावर बोलावतात. रुग्णाभ्यंग हा जिवंत माणसाचा संस्कार आहे. शुद्धीत असताना त्याला पापनिवेदन करता येते, परमप्रसाद घेता येतो, कोणाशी अबोला असेल तर तो सोडता येतो. श्वास बदलला, पाय गार पडू लागले, हे सिस्टरच्या ध्यानात आपल्याआधी येते. ती म्हणाली, 'फादरना बोलवा,' तर सकाळची वाट पाहू नका. रात्री दोन वाजले असले तरी फोन करा.