यजमानाची जबाबदारी

फुटबॉल मी कधी खेळलो नाही. आमच्या लहानपणी गावात चेंडू होता तो रबराचा, आणि मैदान होते ते आठवड्याच्या बाजाराचे. तेव्हा या खेळाविषयी अधिकारवाणीने काही लिहावे अशी माझी योग्यता नव्हे. पण मास्तराला त्याच्या योग्यतेबाहेरचे प्रश्न विचारायचे नाहीत, असा नियम कोणत्याही शाळेत नसतो. एकदा मधल्या सुटीत नववीची मुले विनिसियस ज्युनिअर या ब्राझिलियन खेळाडूवरून हुज्जत घालीत होती. मला पाहताच त्यांतला एक म्हणाला, "सर, शिव्या दिल्या प्रेक्षकांनी. मग दंड क्लबाला का? चोरी एकाने करायची आणि वेठीला सारा गाव धरायचा, हा कुठला न्याय?"

घंटा झाली आणि मी सुटलो. प्रश्न मात्र सुटला नाही.

प्रसंग असा होता. २१ मे २०२३ रोजी स्पेनमधल्या मेस्ताया मैदानावर व्हॅलेन्सिया आणि रिआल माद्रिद यांचा सामना झाला. प्रेक्षकांतून माद्रिदच्या या कृष्णवर्णीय खेळाडूला माकड म्हणून हिणवण्यात आले. त्याने गोलामागच्या सज्जाकडे बोट दाखवून पंचाला बोलावले; खेळ काही काळ थांबला. पुढे झटापट झाली, आणि ज्याचा अपमान झाला त्यालाच लाल पत्ता मिळून तो बाहेर गेला! तो पत्ता नंतर रद्द झाला. व्हॅलेन्सियाला ४५,००० युरो दंड आणि तो सज्जा पाच सामने बंद, अशी शिक्षा झाली. अपिलात ती २७,००० युरो आणि तीन सामने इतकी उतरली. क्लबाचे म्हणणे असे की, ज्यांची ओळख पटली त्यांना आम्ही मैदानाची कायमची बंदी केली. मग सबंध सज्जा बंद करणे हा अन्याय आहे. आणि जून २०२४ मध्ये न्यायालयाने तिघा प्रेक्षकांना प्रत्येकी आठ महिन्यांची कैद सुनावली.

म्हणजे गुन्हेगार सापडले, त्यांना शिक्षाही झाली. मग क्लबाचा काय अपराध? माझा विद्यार्थी नेमके हेच विचारीत होता.

त्याच्या बाजूने पुष्कळ बोलता येईल. एकाच्या खोडीसाठी सगळा वर्ग उभा करणे म्हणजे काय, हे आम्हा मास्तरांइतके कोणाला ठाऊक असणार? मीही तसे केले आहे. खोडी करणारा त्या गर्दीत सुखाने उभा राहतो. आणि ज्याने काही केलेले नसते, त्याचा न्यायावरचा विश्वास त्या तासाला उडतो. तिकीट काढून मुलाला घेऊन आलेला एखादा बाप त्या बंद सज्जात बसणारा असेल. त्याच्या तोंडून एक वावगा शब्द गेला नसेल. त्याने का म्हणून घरी बसावे?

२०१४ सालचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. विलारिआलच्या मैदानावर बार्सिलोनाच्या दानी आल्वेसपुढे कोणीतरी केळे फेकले. त्याने ते सोलून खाल्ले आणि कॉर्नर घेतला. क्लबाने त्या माणसाला लगेच शोधून काढले आणि जन्मभराची बंदी घातली. तरीही क्लबाला १२,००० युरो दंड झालाच. एखाद्याने आपले कर्तव्य पार पाडल्यावरही त्याला दंड करावा, हे मनाला पटत नाही.

पण युरोपच्या फुटबॉल महासंघाचा नियम याहूनही कडक आहे. प्रेक्षकांच्या वर्तनाबद्दल क्लब जबाबदार. त्याची स्वतःची चूक वा हयगय नव्हती असे त्याने सिद्ध केले तरी जबाबदार. प्रथम वाचले तेव्हा हा नियम मला आडमुठा वाटला. पुष्कळ दिवस मी तो मनात घोळवला, आणि मग माझ्या लक्षात आले की, आपण दोन निराळ्या गोष्टींना एकच नाव देत आहोत. दोष ही एक गोष्ट. जबाबदारी ही दुसरी.

आपल्या घरचे लग्न असते. मांडवात आपलाच कोणी दूरचा भाचा व्याह्यांच्या माणसाला नको ते बोलतो. अशा वेळी घरचा कर्ता पुरुष "मी कुठे बोललो? त्याला विचारा," असे म्हणत नाही. तो पुढे होतो, हात जोडतो आणि त्या पाहुण्याला मानाने पानावर बसवतो. भाच्याचा समाचार मागाहून घेतला जातो. यजमानाने हात जोडले म्हणून शिवी त्याने दिली असे कोणी समजत नाही. मांडव त्याचा आहे, एवढेच त्यातून दिसते.

फुटबॉलच्या क्लबाचा मांडव तर फार मोठा. तिकिटे तो विकतो, गळपट्टे तो विकतो. संघ जिंकला की प्रेक्षकांना आपला बारावा गडी म्हणतो. त्यांच्या आरोळीने पाहुण्या संघाचे पाय लटपटले तर त्याला ते हवेच असते. मग तीच आरोळी विषारी झाली की "ही माणसे आमची नव्हेत" असे म्हणून कसे चालेल? नफ्यात भागीदार आणि तोट्यात तिऱ्हाईत, हा व्यवहार वाण्याच्या दुकानातसुद्धा चालत नाही. शिवाय फाटक क्लबाच्या ताब्यात, खुर्च्यांचे क्रमांक क्लबाच्या वहीत, कॅमेरे क्लबाचे आणि ध्वनिक्षेपकही क्लबाचाच. ज्याच्या हाती किल्ल्या, त्याला घरात काय चालले आहे ते विचारणे गैर नव्हे.

केवळ गुन्हेगाराला पकडा, असे म्हणणाऱ्यांनी कायद्याची चालही पाहावी. इंग्लंडमध्ये मैदानावरील वर्णद्वेषी घोषणांना गुन्हा ठरवणारा कायदा १९९१ साली झाला. त्यात मेख अशी होती की, निदान दोघांनी मिळून ओरडले तरच तो गुन्हा. एकटा ओरडला तर सुटला. ही फट बुजायला १९९९ साल उजाडावे लागले. आणि त्याआधी, १९८२ मध्ये, पॉल कॅनव्हिल हा चेल्सीचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू प्रथमच मैदानात उतरला, तेव्हा त्याला शिव्या घालणारे चेल्सीचेच प्रेक्षक होते. अंगावर ज्या क्लबाचा सदरा, त्याच क्लबाचे गळपट्टे घातलेली माणसे समोर! त्या घटकेला त्याने कोणाकडे पाहावयाचे होते? न्यायालयाकडे? ते फार दूर असते, आणि त्याला प्रत्येक शब्दाला एक तोंड शोधून द्यावे लागते.

तेव्हा क्लब जबाबदार आहे, हे मी मान्य करतो. पण शिक्षेच्या प्रकाराविषयी माझ्या मनात शंका उरतेच. २०२१ च्या ऑगस्टमध्ये प्रागच्या स्पार्टा क्लबाच्या मैदानावर मोनॅकोच्या एका कृष्णवर्णीय खेळाडूचा अपमान झाला. शिक्षा म्हणून पुढचा सामना प्रेक्षकांविना खेळवायचा ठरला. नियमाप्रमाणे मुलांना मात्र मुभा होती, म्हणून ३० सप्टेंबरला सुमारे दहा हजार शाळकरी मुले मैदानात बसली. समोर स्कॉटलंडचा रेंजर्स संघ होता. त्यांच्या ग्लेन कामारा या कृष्णवर्णीय खेळाडूच्या पायाशी चेंडू गेला की, मुले हुर्यो करू लागली. ती वर्णद्वेषाने ओरडली की नुसत्या खेळाच्या भरात, याविषयी तेव्हा मोठा वाद झाला, आणि क्लबाने मुलांची बाजू हिरिरीने मांडली. मला तो वाद सोडवता येणार नाही. मास्तर म्हणून एवढेच सांगतो की, मुले ओरडायला आपोआप शिकत नाहीत. मोठ्यांना बाहेर ठेवले म्हणून त्यांनी शिकवलेले बाहेर राहत नाही. रिकाम्या खुर्च्या कोणाला काही शिकवीत नाहीत.

म्हणून मला वाटते, जबाबदारी बिनशर्त असावी. शिक्षा मात्र वर्तन पाहून द्यावी. आधी क्लबाने काय केले, त्या क्षणी काय केले आणि नंतर काय केले, हे तीन प्रश्न विचारावेत. ज्याने तिन्ही वेळा आपले काम केले, त्याने हात जोडावेत आणि सुटावे. जो गप्प बसला, त्याला सज्जा बंद करून सोडू नये, गुणच कापावेत. पैशाचा दंड मोठे क्लब चहापाण्याच्या खर्चात घालतात.

हे सारे परक्या देशाचे आहे, असे समजून निश्चिंत होण्याची सोय आपल्याला नाही. ऑक्टोबर २००७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू सायमंड्सला आधी वडोदऱ्यात आणि मग आमच्या मुंबईत, वानखेडेवर, माकडाचे हावभाव करून दाखवणारे प्रेक्षक आपलेच होते.

आणि वानखेडेपर्यंत तरी कशाला जावे? काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या पटांगणावर तालुक्याचे कबड्डीचे सामने होते. गुण पुकारण्याचे काम माझ्याकडे होते. पाहुण्या संघातला एक मुलगा चढाईला आला की आमची काही मुले त्याच्या वस्तीचे नाव घेऊन ओरडत. त्या नावात कोणती जात दडली आहे, हे ओरडणाऱ्यांना ठाऊक होते, त्या मुलाला ठाऊक होते आणि मलाही ठाऊक होते. मी गुण पुकारीत राहिलो. चढाई संपवून परतताना त्या मुलाने ओरडणाऱ्यांकडे पाहिले नाही. त्याने माझ्याकडे पाहिले. ध्वनिक्षेपक माझ्या हातात होता.

युरोपात अशा वेळी पंचाने पहिले पाऊल कोणते टाकायचे, हे ठरलेले आहे. खेळ थांबवायचा आणि ध्वनिक्षेपकावरून ताकीद द्यायची. त्यानेही भागले नाही तर संघांना आत पाठवायचे, आणि शेवटी सामनाच रद्द करायचा. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटले. पहिल्या पावलासाठी मला एक वाक्य पुरले असते.

दुसऱ्या दिवशी मी नववीच्या वर्गावर गेलो आणि त्या मुलाला त्याच्या प्रश्नाचे उत्तर दिले. क्लबाचे सांगितले, यजमानाचे सांगितले आणि मग कबड्डीचेही सांगितले. वर्ग बराच वेळ शांत होता. शेवटी तोच मुलगा उठून म्हणाला, "सर, तो मुलगा आता कुठं असेल?"

हे मात्र मला सांगता आले नाही. मी त्याचे नावही विचारले नव्हते.