पुंडलिक मुलगा होता

विक्रोळीच्या कन्नमवारनगरात, लहानशा घरात कुणी अंथरुणाला खिळलं, की औषधं, पथ्य, रात्रीचं जागरण बहुधा सुनेकडे किंवा मुलीकडेच येतं. कधी चीड आली, तर तीच स्वतःला पापी ठरवते. ही चीड पाप नाही, असं माझं ठाम मत आहे. सेवा काही तिच्या एकटीची नाही: दारी आलेल्या विठ्ठलाला विटेवर थांबवून आईवडिलांची सेवा करणारा पुंडलिक मुलगा होता. त्याला पूजणाऱ्या आपल्या देशात २०१९च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात, मुलाबाळांसह घरच्यांची देखभाल करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी १३४ मिनिटं देत होत्या, पुरुष ७६. शिवाय असे पुरुष संख्येनंही कमी.

कुणी म्हणेल, वेळ मोजला की सेवेचा व्यवहार होतो. पण गीता फळाची आसक्ती सोडायला सांगते, झोप नव्हे. सहाव्या अध्यायात तर अतिजागरण योगाला बाधक मानलं आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांनी, हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांना १९७३पासून २०१५पर्यंत सांभाळलं. एकटीनं नव्हे, अनेकींनी, पाळीपाळीनं. म्हणून त्यांची माया कुणी उणी मानली नाही. तेव्हा घरातल्या मुलग्यांनो, आज रात्रीची पाळी तुम्ही घ्या.