भूमीचे ऋण आणि वरोऱ्याची खाण

तैत्तिरीय संहितेत ब्राह्मणापुरती सांगितलेली ऋषी, देव आणि पितर यांची तीन ऋणे शतपथ ब्राह्मणात अस्तित्वात असलेल्या प्रत्येकाची झाली आणि त्यांत मनुष्यऋणाची भर पडली. ऋण म्हणजे येथे पैशाचे कर्ज नव्हे. न मागता जे मिळाले त्यापायी जन्मतःच अंगावर येणारे देणे, असा त्याचा अर्थ आहे. भूमीचे ऋण मात्र या यादीत वेगळे मांडलेले नाही, आणि चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्यासारखे गाव समोर ठेवले की ही उणीव फार जाणवते.

वरोऱ्याची कोळसा खाण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारने चालवली, तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वे आली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ती बंद पडल्यावर उद्योग गोंड राजांच्या जुन्या राजधानीकडे, बल्लारपूरकडे सरकला. पंचवीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी साचलेला कोळसा माणसाच्या एका आयुष्यात मावेल एवढ्या काळात उपसला गेला. याउलट उदाहरण बांबूचे: गडचिरोलीतील लेखा-मेंढा गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तेथे तोडलेल्या बांबूला पुन्हा कोंब फुटतात, म्हणून घेणे आणि राखणे एकत्र नांदू शकते. कोळशाच्या बाबतीत ती सोय नाही.

भूमिगत खाणीत छत पेलण्यासाठी कोळशाचेच चौकोनी खांब सोडतात आणि शेवटी अनेकदा मागे सरकत तेही काढून घेतात. कामगार छतावर सळई ठोकून कान देतो: आवाज खणखणीत आला तर खडक पक्का, पोकळ आला तर सुटलेला. आपण कोणाच्या आधारावर उभे आहोत, हे त्याला ग्रंथाविना कळते. भूगर्भशास्त्राने हा कोळसा असलेल्या थरांना गोंडवन हे नाव दिले, आणि ते पुढे दक्षिण गोलार्धातील खंडांच्या इतिहासापर्यंत पोहोचले. ज्यांच्या भूमीवरून ते घेतले त्या गोंडांचा त्या कोळशावरील अधिकार मात्र कोणी मानला नाही, आणि ही गोष्ट अन्यायाचीच म्हटली पाहिजे.

काढलेला कोळसा परत ठेवता येत नाही, मग हे ऋण फेडायचे कोणाला? उत्तर जुन्या विचारातच सापडते, कारण पितृऋण मेलेल्या पितरांना धन देऊन नव्हे, तर संतती वाढवून फिटते, आणि ऋषिऋण अध्ययनाने फिटते. म्हणजे देणे मागे जात नाही, पुढच्यांकडे जाते. त्या न्यायाने खाणीचे ऋण खाणीनंतर तेथे जगणाऱ्यांना देय ठरते. वरोऱ्याच्या वाट्याला ही फेड खाण चालवणाऱ्यांकडून आली नाही. वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर 1951 मध्ये बाबा आमटे आणि साधनाताई यांनी, समाजाने घराबाहेर काढलेल्या सहा कुष्ठरुग्णांना घेऊन आनंदवन सुरू केले, आणि तेथे सुरुवातीलाच जमीन खोदली गेली ती विहिरीसाठी.