खुर्ची बाई कशी?

खुर्चीला बाई, पाटाला बुवा ठरवणारा न्यायाधीश म्हणजे मराठीचा मास्तर! उदगीरकडचं कानडी घरातलं पोर विचारतं, "सर, खुर्ची बाई कशी?" कानडीत निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी. देगलूरकडचं तेलुगू घरातलं पोर लिहितं, 'ताई आलं'. तेलुगूत 'ती आली' आणि 'ते आलं' यांना क्रियापद एकच. मग पोर चुकलं, की आईच्या भाषेला जागलं?

गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली जिथं देह ठेवला, त्या नांदेडात मी पन्नाशीत गुरुमुखी गिरवायला बसलो. तिथला 'स' हुबेहूब आपल्या 'म'सारखा! शिकवणारे म्हणतात 'स', डोळे म्हणतात 'म'. बिचाऱ्या डोळ्यांचा गुन्हा काय? ते जुन्या अक्षराशी इमानी, एवढंच.

परीक्षेत गुण कापावेच लागतात, मान्य. पण इमानाचे गुण कुठल्या रकान्यात मांडायचे, सांगा पाहू!